तुझं मशीन कोण बंद करत होतं

ताई,

दाजींनी तुझ्यासाठी एक निरोप दिलाय.

तू गेलीस तरी त्यांची सवय काही गेलेली नाही. तुमचं दोघांचं बिनसलं की तुम्ही एकमेकांशी बोलणं बंद करायचात आणि मला मध्ये घ्यायचात, तेही एकाच खोलीत समोरासमोर बसून. "सांग तुह्या बहिणीला, आमटीत मीठ नाय." "सांग तुझ्या दाजींना, मिठाची वाटी समोरच आहे." मी मध्ये बसून जेवत असायचो. तोंडातला घास गिळेपर्यंत दोन्ही निरोप पोचलेले असायचे. परवा दाजींनी मला ओट्यावर बोलावलं आणि म्हणाले, "तिला सांग." मी सवयीनं "बरं" म्हणून गेलो.

बरं म्हटलंय, तर आता सांगायला हवं. निरोप एका ओळीचा आहे. पण नुसतं उत्तर लिहिलं आणि पायऱ्या दाखवल्या नाहीत की तू मार्क कापायचीस. शाळेत पोरींचे कापलेस, घरी माझे कापलेस. म्हणून आधी पायऱ्या लिहितो.

तुझं ते कॉम्प्युटरचं मशीन मुळात आपल्या रमाचं. ती इंजिनिअरिंगला असताना मीच सुटे भाग आणून जोडून दिलेलं. लग्न होऊन तुझी लेक नागपूरला गेली आणि मशीन पुढच्या खोलीत धूळ खात पडलं. मग तू शाळेतून रिटायर झालीस आणि कुठंतरी वाचलंस, की जगभरातली माणसं आपापल्या घरची कॉम्प्युटरं अखंड चालू ठेवून मोठमोठ्या मूळ संख्या शोधतायत. हिशोब इतका प्रचंड की कुणा एकाच्या आवाक्यातला नाही, म्हणून त्याचे तुकडे करून घरोघर पाठवतात. ज्यानं त्यानं आपला तुकडा सोडवून परत पाठवायचा. मजुरी नाही, बक्षीस नाही. जन्मभर पोरींना दोन, तीन, पाच, सात घोकायला लावलेली बाई तू. दुसऱ्याच दिवशी माझ्या दुकानात हजर झालीस. गुलमंडीतल्या गर्दीतून रिक्षाही न करता चालत आली होतीस. मी म्हटलं, "ताई, ते मशीन म्हातारं झालंय." तू म्हणालीस, "माझ्याच वयाचं असेल. तू जोडून दे फक्त."

दाजींना हे समजावणं म्हणजे वेगळंच प्रकरण होतं. "लाइट जाळून आकडे हुडकायचे? अन् घावल्यावर त्याचं काय करायचं, लोणचं?" तू न चिडता सगळं सांगितलंस, वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलीला सांगावं तसं. दाजींनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "म्हंजी इर्जिक म्हण की!" आपण दोघं शहरात वाढलेले, आपल्याला कुठं ठाऊक. मग त्यांनीच सांगितलं. पिशोरला त्यांच्या लहानपणी एखाद्याचं रान नांगरायचं राहिलं की गावातले लोक आपापली बैलजोडी घेऊन त्याच्या शेतात उतरायचे आणि दिवस मावळायच्या आत रान उलटं करून द्यायचे. ज्याचं रान, त्यानं फक्त सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. "ह्ये परदेशातले लोक जेवायला काय घालत्यात?" त्यांनी विचारलं. तू म्हणालीस, "काही नाही." "मग लई कंजूष इर्जिक हाय ही." पण त्या दिवसापासून ते मशीनला बैल म्हणायला लागले. शेतीसाठी पिशोरला गेले की फोनवर तुझी खुशाली विचारण्याआधी विचारायचे, "बैल चालू हाय ना तुपला?"

बैल चालू असायचा आणि मध्येच बसायचा. तू खोलीत जाऊन पाहावंस तर सगळं थंडगार. बटण दाबलं की पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही. तुला कळेपर्यंत कधी अख्खा दिवस वाया गेलेला असायचा. असं होता होता एका तुकड्याची मुदत टळली आणि तो दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकला गेला. तेव्हाचा तुझा फोन मला आठवतो. "माझ्या वाटणीचं काम काढून घेतलं रे. निम्म्याच्या वर झालं होतं." तुझा आवाज ऐकून मला आधी वाटलं, कुणाचं तरी बरंवाईट झालंय.

मी अर्ध्या शहराची कॉम्प्युटरं दुरुस्त करतो आणि सख्ख्या बहिणीचं मशीन काही माझ्या हाताला येईना. दिव्याखाली अंधार. रॅम बदलली. पॉवर सप्लाय बदलला. पंखा खोलला तर आत झुरळांचा अख्खा संसार निघाला, आणि दाजी म्हणाले, "घे, चोर घावले." प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली. दर वेळी मी तुझ्याकडे बसून मशीन तासन्तास चालवून पाहायचो, आणि माझ्यासमोर ते गरीब गाईसारखं चालायचं. तू पोहे द्यायचीस, मी घरी जायचो, आणि थोड्या दिवसांनी तुझा एका शब्दाचा फोन यायचा. "पडलं."

एकदा तू विचारलंस, "लाइटचं तर काही नसेल?" मी हसलो होतो. म्हटलं, "घरात इन्व्हर्टर आहे ना? मग लाइटचा प्रश्नच नाही." खरंच होतं ते. लाइट गेली तरी तुमचे पंखे फिरत राहायचे, दिवे मिणमिणायचेसुद्धा नाहीत. तू मान डोलावलीस आणि तो विषय तिथंच संपला.

मशीन कधी कधी बंद पडलं, त्या वेळाही मी त्याच्यातून काढून पाहिल्या. कधी सकाळी, कधी भर दुपारी, कधी दिवेलागणीला. कधी चार दिवसांनी, कधी आठवडा उलटून. ना शेंडा ना बुडखा. एकदा तर तू लगेच फोन केलास, "आत्ता पडलंय, गरम आहे तोवर ये." मी पिशवीत पकड, पाने, मीटर भरलं, चपला घातल्या, आणि तेवढ्यात तुझा पुन्हा फोन आला. "अरे थांब, आज आमच्याकडे पाणी आलंय. उद्या ये." मी चपला काढल्या. तुलाही त्यात काही वाटलं नाही, मलाही नाही. आपल्या शहरात पाण्याच्या दिवशी कोण कुणाकडे जातं? नळ येणार म्हटलं की घरातला प्रत्येक माणूस आणि प्रत्येक भांडं कामाला लागतं. लग्नाला का आला नाहीत, याला "आमच्याकडे पाणी होतं" एवढं उत्तर पुरतं, पुढं कुणी विचारत नाही. दुसऱ्या दिवशी आलो, मशीन चालू होतं, पोहे खाल्ले.

मग तू तुझ्या पद्धतीनं गणित मांडलंस. गेल्या उन्हाळ्यात दुकानात येऊन खुर्चीवर बसलीस आणि हळू आवाजात म्हणालीस, "हे बंद करतात." मी म्हटलं, "कोण?" "दाजी तुझे. मी नीट बघितलंय. ते पिशोरला असले की मशीन चालू. ते घरी असले की बंद. एकदाही चुकलं नाही." मी म्हटलं, दाजी कशाला बंद करतील? तर म्हणालीस, त्यांना आवाजाचा त्रास होतो, उकडतं, लाइटबिलावरून कुरकुरतात. ते तर खरंच होतं. "लई घरघर करतंय," हे त्यांचं रोजचंच. वर तू म्हणालीस, "हल्ली कूलरचं तोंडसुद्धा मशीनकडं फिरवून ठेवतात. चोराच्या मनात चांदणं." ताई, ते कूलर मशीनकडे का फिरवत होते, हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. आता विचारलं. "त्याला उकडत असंल म्हणून," एवढंच म्हणाले.

तू त्यांना तोंडावर विचारलंस, तेव्हा मी तिथंच होतो. ते ताटावरून उठले नाहीत, पण हात थांबला. "म्या?" म्हणाले. "म्या इर्जिकीतून बैल सोडीन? अगं, दावणीला बांधलेल्या दुश्मनाच्या जित्राबालाबी पाणी पाजणारा माणूस हाय मी." मग त्यांनी काळ्या आईची आण घेतली. शेतकऱ्याच्या घरात ही आण किती मोठी असते, हे इतकी वर्षं त्या घरात काढून तुला माहीत होतं. तरी तू म्हणालीस, "मग काय भूत येतं का?" त्यांनी जेवण पुरं केलं, पण बोलणं तिथंच संपलं.

दुसऱ्या दिवशी तू एका जाड कागदावर फळ्यावरच्या तुझ्या त्या सुरेख अक्षरात लिहिलंस, "हात लावू नये", आणि मशीनच्या बटणावर चिकटवलंस. पिशोरहून त्यांचे भाऊबंद आले, त्यातल्या एकानं विचारलं, "हे कुणासाठी लिवलंय हो वहिनी?" घरात तुम्ही दोनच माणसं. दाजी उठले, पायात चपला सरकवल्या आणि गावाला निघून गेले. मला फोन आला तो तिथून. "सांग तुह्या बहिणीला, खामखा आळ घेतलाय. चार लोकांत इज्जत काढली. म्या हात नाय लावला."

मी तुला तो निरोप दिला. उलट निरोप तू दिलास, तोही आठवतोय. "सांग त्यांना, मशीन बंद केल्याचा मला राग नाही. गेले तुकडे तर गेले. एकदा माझ्यासमोर कबूल करत नाहीत, त्याचा राग आहे." हा निरोप मी पोचवला नाही. मला वाटलं, आगीत तेल कशाला? थोड्या दिवसांनी दोघं आपोआप बोलायला लागतील, नेहमीसारखं मिठावरून. खरं कारण सापडलं की मीच दोघांना समोर बसवून हसवीन, असा माझा बेत होता.

पण बोलणं असं सुरू झालंच नाही. दाजी गावाहून यायचे, कामापुरतं बोलायचे, जायचे. तू गेलीस त्या दिवशीही ते घरी होते. पाणी येणार होतं म्हणून पिशोरहून पहिल्या गाडीनं आले होते, पण त्या दिवशी मोटर लावायची राहूनच गेली. मोटर लावणं, पिंपं भरणं हे काम त्यांचंच. तुझी कंबर धरल्यापासून त्यांनी तुला बादलीला हात लावू दिला नव्हता. पाण्याचा दिवस आला की पेरणी असो, काढणी असो, हा माणूस शेत टाकून शहरात यायचा. तू मशीनच्या गणितात त्यांचं घरी असणं मोजलंस, ताई. ते घरी का असतात, हे तू मोजलं नाहीस. मीही मोजलं नाही, आणि मला याचं फार वाईट वाटतं.

सुतकात मी तुमच्याकडेच राहत होतो. माणसं भेटायला येत होती, पुढच्या खोलीत सतरंजीवर बसत होती. कोपऱ्यात तुझं मशीन चालूच होतं. ते बंद करायचं कुणाच्या मनातच आलं नाही. घरघर ऐकून कुणीतरी विचारलं, हे काय? मी म्हटलं, ताईचं काम चालू आहे.

आणि पाणी आलं. गल्लीत ओरडा झाला. भेटायला आलेली माणसंसुद्धा हात जोडून उठली, "आमच्याकडंबी आलं असंल, येतो." सतरंजीवर मी एकटा उरलो. दाजी आतून आले. कुणाकडे न बघता दारामागच्या बोर्डावरचं मोटरचं बटण त्यांनी दाबलं आणि मागच्या दारी पिंपांकडे गेले. मोटरनं हुंकार दिला. माझ्या पाठीमागची घरघर थांबली.

मी वळून पाहिलं. मशीन बंद होतं. डोक्यावर पंखा फिरत होता, दिवा चालू होता.

मी मशीन सुरू केलं. दाजींना ओरडून सांगितलं, मोटर बंद करा. मग म्हटलं, लावा. मशीन पुन्हा गेलं. पिशवीतून मीटर काढून प्लगात धरलं आणि मोटर लावताना व्होल्टेजचा आकडा कसा धाडकन खाली येतो ते पाहिलं. तुमचं वायरिंग जुनं, त्यात पाणी आलं की अख्ख्या गल्लीच्या मोटरी एकदम चालू. मग गोधड्यांची ट्रंक सरकवून इन्व्हर्टरच्या मागं वाकलो. तिथं एक बारीक बटण असतं, ताई. एका बाजूला ठेवलं तर इन्व्हर्टर फक्त पंख्या-दिव्यांची काळजी घेतो. लाइट पूर्ण गेली तरच जागा होतो, नुसती कमी झाली तर झोपून राहतो. पंख्याला तेवढ्यानं काही होत नाही. कॉम्प्युटर मरतो. दुसऱ्या बाजूला ठेवलं तर कॉम्प्युटरही वाचतो. ते बटण पहिल्या दिवसापासून पंख्यांच्या बाजूला होतं. मी ते नखानं पलीकडे ढकललं. मोटर बंद करायला लावून मशीन सुरू केलं आणि दाजींना म्हटलं, लावा मोटर. मोटर लागली. मशीन चालू राहिलं.

एवढंच होतं. रॅम नाही, पेस्ट नाही, झुरळं नाहीत. या शहरात इतक्या बेभरवशाच्या वेळा एकाच गोष्टीच्या असतात, आणि ती येते त्या दिवशी मी तुमच्या घरी कधीच नसायचो. तुझ्या नावानं हाक मारायला तोंड उघडलं होतं मी. स्वयंपाकघराकडे पाहून "ताई, सापडलं!" म्हणणार होतो. तसाच तिथं जमिनीवर बसलो आणि रडलो.

दाजी ओल्या हातांनी दारात उभे होते. त्यांना सगळं सांगावं की नाही, हे मला कळेना. इतके दिवस ते मला एकच विचारत होते, "तूच सांग, म्या बंद करीन का?" आता त्यांना काय सांगणार? पण ते मास्तरणीचे नवरे, त्यांनी पायऱ्या पाहिल्या होत्या.

"म्हंजी म्या मोटर लावली, की ते मरत व्हतं?"

"हो."

"दर टायमाला?"

"हो दाजी."

त्यांनी हात धोतराला पुसले. "मंग ती खरंच बोलत व्हती."

"तुम्हीपण खरंच बोलत होता," मी म्हटलं. ते मागच्या दारी गेले. पिंप भरून वाहत होतं, तरी मोटर बंद करायला बराच वेळ आले नाहीत. तुमच्या घरात पाणी असं वाया गेलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

संध्याकाळी मी मशीनवरचा तो कागद काढायला गेलो. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तिचं अक्षर हाय." तेव्हा मी त्यांना तुझा राहिलेला निरोप दिला. मशीनचा राग नव्हता म्हणून, कबूल करत नव्हतात त्याचा होता म्हणून. त्यांनी तो पूर्ण ऐकून घेतला. ह्यो निरोप आधी काहून नाय दिला, असंही विचारलं नाही. विचारलं असतं तर मला जरा बरं वाटलं असतं.

परवा ओट्यावर बोलावून त्यांनी जे सांगितलं, ते यावरचं उत्तर आहे. मी भांडलो त्यांच्याशी. म्हटलं, दाजी, हे असं नका सांगू. तुम्ही पाणी भरत होता. तिच्या कंबरेसाठी भरत होता. मोटरचं सांगू, इन्व्हर्टरचं सांगू, माझ्या अकलेचं सांगू.

"त्ये तू सांग, तुला जे सांगायचं ते," म्हणाले. "पर तिला एक गोष्ट माझ्या तोंडून ऐकायची व्हती. तेवढी ऱ्हाऊन गेली. ती माझ्या नावानं सांग."

आज तुमच्याकडे पाणी आलं. मी दुकान बंद ठेवून मुद्दाम गेलो होतो. दाजींनी मोटर लावली आणि मागच्या दारी न जाता आधी मशीनपाशी येऊन उभे राहिले. चालू होतं. कूलरचं तोंड त्याच्याकडेच होतं. तुझ्या नावावरचा तुकडा अजून सुटायचा आहे, चाललाय.

तर ताई, दाजींचा निरोप असा आहे, की मशीन तेच बंद करत होते. कबूल केलंय त्यांनी.